चीनची फ्रेम निम्म्यात पडत नाही, आणि ती नकलीही नसते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत थेट चीनच्या फॅक्टरीतून फ्रेम मागवा आणि निम्म्या किमतीत कार्बन सायकल बनवा अशा अर्थाचा लेख आला, आणि मंगळवारी त्यावर एका वाचकाचं पत्र आलं की हा सगळा नकली चायना माल आहे, दात पाडून घ्यायचे असतील तर खुशाल घ्या. दोन्ही वाचलं आणि राहवेना म्हणून लिहितेय, कारण मी अशीच एक ग्रॅव्हल, म्हणजे कच्च्या रस्त्यावर पण चालणारी, सायकल बांधून घेतलीय, इथेच कोल्हापुरात, आणि माझं म्हणणं लेख पण चुकलाय आणि पत्र पण. निम्म्यात वगैरे काही पडत नाही, आणि नकली पण नाही. ज्याला दुकानात आपल्या मापाची सायकल मिळते त्याने या भानगडीत पडूच नये, ज्याला मिळत नाही त्याने पडावं पण नीट माहिती घेऊन पडावं.

मी दुसऱ्या गटातली. उंची पाच फूट एक इंच, आणि पाय त्या मानाने अजून आखूड. मोठ्या शहरातल्या एका मोठ्या शोरूममध्ये गेले तर ग्रॅव्हलमध्ये त्यांच्याकडची सगळ्यात लहान फ्रेम ५२ सेंटिमीटरची, म्हणाले मॅडम यालाच छोटा स्टेम, म्हणजे हँडल धरणारा तुकडा, लावतो, सीट पुढे सरकवतो, बसेल तुम्हाला. स्टेम छोटा केला की हँडल जवळ येतं पण फ्रेम काही लहान होत नाही ना, थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकवायचे तर वरच्या नळीवर जागा नाही ती नाहीच, आणि सीट पुढे ओढली की गुडघा पेडलच्या पुढे जातो आणि मग घाट चढताना तोच गुडघा बोंबलतो. हे सांगितलं तर दुसरा सेल्समन, लेडीज मॉडेल बघा ना मॅडम, पुढे बास्केट पण येतं. काय बोलायचं. लहान साइज कंपनीच्या कॅटलॉगात असते हो, एक्सएस असते, काहींची त्याहून लहान पण असते, पण डीलर मागवत नाही कारण विकली नाही तर पडून राहते, ॲडव्हान्स भरते म्हटलं तरी कंपनीकडून येत नाही एवढंच उत्तर. पुण्या-मुंबईच्या उंच लोकांना हा प्रॉब्लेम कळणारच नाही, लेख लिहिणारे पण त्यातलेच असावेत असा माझा अंदाज आहे.

आता ग्रॅव्हलच कशाला, साधी रोड सायकल का नाही, असं घरच्यांनी पण विचारलं. कोल्हापुरात राहणाऱ्याला हे विचारू नये खरं तर. पन्हाळ्यापर्यंत डांबर बरं आहे पण तिथून मसाई पठाराकडे वळलात की जांभा दगड आणि लाल माती, गगनबावड्याकडे गेलात तर पावसाने उखडलेल्या कडा, राधानगरीकडे जंगलातले कच्चे फाटे, आणि नदीकाठच्या शेतातल्या वाटांवर हंगामात उसाच्या ट्रॉल्या फिरून फिरून दोन खोल चाकोऱ्या पडतात त्यात रोड सायकलचं २५ मिलिमीटरचं टायर गेलं की आपण उसात. २०२६ च्या जानेवारीत पुण्यात यूसीआयच्या, म्हणजे जागतिक सायकल संघटनेच्या, मान्यतेची पुणे ग्रँड टूर रेस झाली तेव्हा पुणे जिल्ह्यातले रस्ते कसे तुळतुळीत केले ते तुमच्याच पेपरात फोटोसकट आलं होतं, आमच्याकडे अशी टूर येईपर्यंत ४०-४५ मिलिमीटरचं टायर हाच उपाय. एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, पण चालते पण ती घाटात आणि लांबच्या डांबरावर जीव काढते. ग्रॅव्हल म्हणजे वाकडं हँडल रोडचंच, टायर जाड, ब्रेक डिस्कचे, गिअर हलके. अमेरिकेत कॅन्ससमधल्या एंपोरिया गावात २००६ पासून कच्च्या रस्त्यांवर २०० मैलांची रेस होते तिथून हे खूळ वाढलं, २०२२ पासून तर यूसीआयची ग्रॅव्हलची वर्ल्ड चॅम्पियनशिप पण होते, पहिली इटलीत झाली.

आता नकलीचा मुद्दा, कारण मंगळवारचं पत्र त्यावरच आहे. दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झालीय. एक असतो बनावट माल, म्हणजे नामांकित कंपनीचं नाव आणि स्टिकर लावून विकलेली फ्रेम, मूळ कंपनीचा त्याच्याशी काही संबंध नाही, आत काय आहे देव जाणे, आणि असला फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, उतारावर स्टिअररपाशी, म्हणजे त्याच्या वरच्या नळीपाशी, तुटला तर पत्रलेखक म्हणतात तसे दातच काय सगळंच जाईल. त्याला माझा पण पूर्ण विरोध आहे. दुसरी असते ओपन मोल्ड. फॅक्टरीने स्वतःचा साचा काढलेला असतो, ती फ्रेम कुणालाही विकते, बिनानावाची, काळी, हवा तो रंग मारून. युरोप-अमेरिकेतले कितीतरी छोटे ब्रँड हीच फ्रेम घेऊन आपलं नाव टाकून विकतात. आणि चीनमध्ये बनलं म्हणून वाईट म्हणाल तर नामांकित कंपन्यांच्या बहुतेक कार्बन फ्रेमी पण चीन, तैवान नाहीतर व्हिएतनाममध्येच बनतात. चीनमध्ये शियामेन हे त्याचं मोठं ठिकाण, माझी फ्रेम तिथलीच. आपल्याकडे लुधियाना आहे, सायकली बनवण्यात भारत जगात चीनच्या खालोखाल आहे, पण तिथे मुख्य काम स्टीलचं आणि साध्या सायकलचं, माझ्या मापाची कार्बन ग्रॅव्हल फ्रेम देशात कुणी बनवून देत असतं तर मी आनंदाने तीच घेतली असती, शोधलं नाही असं नाही.

कार्बन म्हटलं की लोक लगेच टी ७०० का टी ८०० असं विचारतात. ही जपानच्या टोरे कंपनीच्या धाग्यांची नावं आहेत, आकडा मोठा तितका धागा ताणाला जास्त सोसतो, बरोबर आहे, पण नुसत्या धाग्याने फ्रेम होत नाही. राळेत भिजवलेल्या कापडाचे शेकडो तुकडे कापून साच्यात हाताने बसवतात, कुठे उभा धागा, कुठे तिरका, ब्लाउजचं कापड बेतताना बाया जसं उभं-आडवं बघतात तसंच ते, मग आतून फुगा फुगवून दाब देतात आणि साचा तापवतात. तुकडा सरकला, सुरकुती पडली, हवा राहिली की टी १००० असून उपयोग नाही. म्हणून मी फॅक्टरीच्या सेल्सवालीला धागा विचारलाच नाही, आयएसओ ४२१० चा टेस्ट रिपोर्ट मागितला. सायकलच्या सेफ्टीचं ते स्टँडर्ड आहे, त्यात फ्रेमच्या टेस्टमध्ये पेडल मारल्यासारखा जोर एक लाख वेळा देऊन बघतात. पहिल्यांदा तिने जो रिपोर्ट पाठवला तो भलत्याच मॉडेलचा. मी म्हटलं बाई, यावर मॉडेल नंबर वेगळा आहे. मग दुसऱ्या दिवशी बरोबर आला, लॅबचं नाव, फोर्कचा वेगळा रिपोर्ट, सगळं. मागवणाऱ्याने हा नंबर तपासायचाच, नाहीतर रिपोर्ट मागून काय उपयोग.

मग ड्रॉइंग. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तुमच्या लेखात याबद्दल एक ओळ नाही. फ्रेमची साइज ४६ का ४९ हे बघायचंच नाही, प्रत्येक फॅक्टरी ते आपापल्या मनाने लिहिते, बघायचे ते स्टॅक आणि रीच, म्हणजे बॉटम ब्रॅकेटच्या (बीबी, जिथे पेडलचा दांडा फिरतो) मध्यापासून हेडट्यूबचं, म्हणजे हँडलखालच्या पुढच्या नळीचं, वरचं टोक किती उंच आणि किती पुढे. मला रीच ३६५ मिलिमीटरच्या आसपास पाहिजे होता आणि स्टॅक ५२० च्या आसपास, हे माझ्या जुन्या सायकलवर आणि भिंतीला पाठ लावून पुस्तक पायात धरून घेतलेल्या मापावरून काढलं. आणि लहान फ्रेमचा एक खास त्रास असतो तो उंच माणसाला माहीतच नसतो, हँडल वळवलं की बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागतं. चाक सगळ्या साइजला तेच ७०० चं, फ्रेम आखूड झाली की चाक पायाजवळ येणारच. वेगात काही होत नाही, पण घाटात हळू चढताना किंवा चिखलात यू टर्न घेताना फटकन लागतं आणि आडवं पडायला होतं. त्यावर उपाय दोन, हेडट्यूबचा कोन जरा झोपलेला घ्यायचा, नाहीतर चाक लहान घ्यायचं. मी दोन्ही केलं. ६५० बी चं चाक, म्हणजे रिम ६२२ ऐवजी ५८४ मिलिमीटर, आणि त्यावर ४७ चं टायर. हिशोब करून बघा, ७०० च्या चाकावर ४० चं टायर घातलं तर त्रिज्या येते ३५१, याची येते ३३९, म्हणजे सगळी सायकल १२ मिलिमीटर खाली बसते. पेडल दगडाला लागेल अशी भीती असते पण माझा क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, १६५ चा आहे, नेहमीच्या १७२.५ पेक्षा साडेसात मिलिमीटर तिथे परत मिळतात, आणि थांबल्यावर पाय टेकायला ते १२ मिलिमीटर खाली आलेलं मला तर बरंच पडतं.

बॉटम ब्रॅकेट मी स्क्रूचा मागितला, बीएसए, जुन्या पद्धतीचा. फॅक्टरीवाल्यांना प्रेसफिट करायला सोपं आणि हलकं म्हणून ते तेच गळ्यात मारतात, पण त्यात कप नुसता दाबून बसवलेला असतो, भोक जरा वाकडंतिकडं असलं आणि आपल्याकडचा चिखल आत गेला की एका पावसाळ्यात कुईकुई सुरू, आणि ते कार्बनमध्ये घुमून असं काही मोठं होतं की पुढचा माणूस वळून बघतो. वायरिंगचं पण तेच. हल्ली फॅशन म्हणजे सगळ्या केबल आणि होज (ब्रेकच्या तेलाच्या नळ्या) हेडसेटच्या, म्हणजे हँडल जिथे फिरतं त्या बेअरिंगच्या, आतून, बाहेर एक वायर दिसता कामा नये. दिसायला छान आहे खरं. पण पावसात हेडसेटचं वरचं बेअरिंग गंजलं की ते बदलायला हायड्रॉलिक होज कापून काढायला लागतो, परत ब्लीड करायला, म्हणजे तेलातली हवा काढायला लागते, एका बेअरिंगसाठी अर्धी सायकल उघडायची. मी डाउनट्यूबच्या, म्हणजे खालच्या तिरक्या नळीच्या, बाजूने आत जाणारं घेतलं. सेल्सवाली म्हणे हे जुनं मॉडेल आहे, नवीन घ्या. म्हटलं जुनंच दे.

पैसे आणि कस्टम. २०२० च्या नोव्हेंबरात सरकारने ४३ ॲप बंद केली त्यात चीनचं ऑनलाइन दुकान अलीएक्सप्रेस पण गेलं, त्यामुळे बाहेरच्या देशातल्या लोकांना मध्ये जो एक प्लॅटफॉर्म असतो, भांडण झालं तर पैसे परत वगैरे, तो आपल्याला नाही. थेट फॅक्टरीशी बोलायचं आणि थेट पैसे पाठवायचे. मी आधी पूर्ण लिहून घेतलं, साइज, बीबी, हँगर (मागचा गिअर टांगायचा तुकडा), रंग, काय काय बॉक्समध्ये येणार, मग कार्डाने पैसे भरले, बँकेच्या ट्रान्सफरला नाही म्हटलं कारण गेलेला पैसा परत मागायची काही सोय पाहिजे. निघायच्या दिवशी तिचा मेसेज, डियर, इनव्हॉइसवर किती टाकू, ८० डॉलर का १००? हे सगळे विचारतात म्हणे आणि बरेच जण हो म्हणतात. मी खरी किंमत टाकायला सांगितली. एकतर तो सरळ गुन्हा आहे, किंमत लपवणं, माल अडकला की दंडासकट भरायला लागतं, आणि दुसरं म्हणजे वाटेत फ्रेम तुटली तर भरपाई पण त्या ८० डॉलरचीच मिळणार, मग कुणाला सांगणार की खरी तर सहाशेची होती. कुरियरवाल्यांनी केवायसी मागितलं, आधार-पॅन दिलं, ड्युटी भरली, घरी आली. लेखातला हिशोब चुकतो तो इथे. कस्टमवाले फ्रेमच्या किमतीवर नाही, फ्रेम अधिक भाडं अधिक विमा याच्यावर ड्युटी लावतात, आणि मग ड्युटीसकटच्या रकमेवर आयजीएसटी. भाडं पण कसलं, फ्रेमचा बॉक्स वजनाला चार-पाच किलो पण कुरियरवाले लांबी-रुंदी-उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात आणि जे येईल ते वजन धरतात, तो आकडा वीसच्या पुढेच जातो. म्हणजे बॉक्समधल्या हवेचं भाडं द्यायचं आणि त्या भाड्यावर परत ड्युटी.

बॉक्स आमच्या पेठेतल्या रिपेअरवाल्या मामांच्या दुकानात उघडला. मामांनी आयुष्यभर रेंजर आणि ॲटलस जोडल्यात, कार्बन हातात पहिल्यांदाच, दोन बोटांनी उचलली आणि म्हणाले, "ताई, हे मोडंल की ओ." मी आधी मोबाईलला लावायचा एंडोस्कोप कॅमेरा मागवून ठेवला होता, हजारभर रुपयाला मिळतो, प्लंबर लोक वापरतात तोच. बीबीच्या भोकातून आत घातला आणि आम्ही दोघं त्या छोट्या स्क्रीनवर डोकं लावून. डाउनट्यूब आतून गुळगुळीत, धाग्याची वीण स्पष्ट दिसत होती. चेनस्टे, म्हणजे मागच्या चाकाकडे जाणारी खालची नळी, जिथे बीबीला मिळते तिथे मी सगळ्यात जास्त वेळ कॅमेरा फिरवला कारण पेडलचा सगळा जोर तिथे येतो आणि आतून कोपरा अडचणीचा म्हणून सुरकुत्या पण तिथेच पडतात. एक पांढरट काहीतरी लोंबत होतं. मामा म्हणाले, "फाटलंय बघा." फाटलं नव्हतं, साच्यात फुगवतात त्या फुग्याचा तुकडा आत राहिला होता, लांब चिमट्याने ओढून काढला, नाहीतर तो चालवताना आत खुळखुळत राहतो. मग रुपयाचं नाणं घेऊन सगळ्या नळ्यांवर टकटक केलं, आवाज सगळीकडे एकसारखा कडक पाहिजे, मध्येच बद्द आला की तिथले थर सुटलेले असू शकतात. मामांचा कान याला पटकन बसला, रिमचे तार वाजवून ताण ओळखणारा माणूस आहे, शेवटी ते डोळे मिटूनच वाजवत होते. फोर्कचा स्टिअरर आणि जिथून दोन पाय फुटतात तो भाग, तिथे परत कॅमेरा, परत नाणं. काही सापडलं असतं तर लावलीच नसती, हे आधीच ठरवलं होतं.

एक गोष्ट मात्र खराब निघाली. मागच्या ब्रेकची बसायची जागा, फ्लॅट माउंट म्हणतात ती, तिच्यावर रंगाचा थर इतका जाड आणि तिरका की कॅलिपर, म्हणजे डिस्क पकडणारा भाग, सरळ बसेना, डिस्क एका बाजूला घासणार. कंपनीच्या सायकलला हे फॅक्टरीत फेसिंग करून, म्हणजे घासून सपाट होऊन, येतं. आपल्याला कोण करून देणार? उद्यमनगरात एका लेथवाल्याकडे गेलो, कोल्हापूरला याबाबतीत तोड नाही बघा, त्याने थ्रू ॲक्सलच्या, म्हणजे चाकाच्या आरपार जाणाऱ्या दांड्याच्या, भोकाचा आधार घेऊन कटर सरळ राहील असा गाइड बनवून दिला आणि हातानेच हळूहळू फिरवून फक्त रंग काढला, कार्बनला हात लावला नाही. आणि हो, मागच्या ब्रेकचे बोल्ट चेनस्टेच्या जाडीप्रमाणे वेगवेगळ्या लांबीचे येतात, ब्रेकच्या बॉक्समध्ये जे मिळतात ते तुमच्या फ्रेमला होतीलच असं नाही. जाडी मोजून मगच मागवा. नाहीतर एवढ्याशा बोल्टसाठी सगळी सायकल स्टँडवर लटकून राहते.

स्टिअरर कापताना मामांना हातोडी आणि स्टार नट काढायची सवय, ॲल्युमिनियमला तेच घालतात. कार्बनमध्ये स्टार नट ठोकला की आतून चिरतो, त्याला फुगणारा प्लग येतो तोच घालायचा. कापायचं बारीक दाताच्या पात्याने, फडकं ओलं करून, तोंडाला मास्क लावून कारण ती काळी धूळ फुप्फुसात जाऊ नये. सीटपोस्टला, म्हणजे सीटच्या दांड्याला, ग्रीस अजिबात नाही, कार्बन पेस्ट, त्यात बारीक कण असतात म्हणून कमी आवळलं तरी घसरत नाही. आणि टॉर्क पाना, किती आवळलं ते मोजणारा. स्टेमवर ५ न्यूटन-मीटर लिहिलेलं असतं म्हणजे ५ च. मामा हसले, "हाताला कळतंय की." स्टीलला कळतं हो, कार्बन काही सांगत नाही, एकदम तडकतो, आणि कधीकधी वरून दिसत पण नाही. एक बोल्ट मामांनी हाताने आवळला आणि मग पान्याने मोजला तर जवळजवळ दुप्पट. तेव्हापासून तो पाना माझ्या घरी कमी आणि त्यांच्या दुकानात जास्त असतो.

गिअर शिमानोचे जीआरएक्स घेतले, ही सिरीज कंपनीने २०१९ मध्ये खास ग्रॅव्हलसाठी काढली, पुढे ४६-३० दात, मागे ११-३४, म्हणजे सगळ्यात हलक्या गिअरमध्ये पेडलच्या एका फेरीला चाक एका फेरीपेक्षा कमी फिरतं आणि गगनबावड्याच्या बाजूचे घाट सामानासकट बसून चढता येतात. ब्रेकची लिव्हर लहान हातासाठी जवळ घेता येते हे माझ्यासाठी महत्त्वाचं. हँडल ३८ सेंटिमीटरचं. चाकं मुद्दाम ॲल्युमिनियमची, कार्बन रिमचा मोह झाला नाही असं नाही पण जांभ्याच्या दगडावर रिम आपटली तर ॲल्युमिनियम वाकते आणि मामा ठोकून सरळ करतात, कार्बन रिमला ते पण नाही. टायर ट्यूबलेस, कारण नदीकाठच्या वाटांवर बाभळीचे काटे. आतलं सीलंट, म्हणजे पंक्चर बुजवणारं द्रव, मात्र आपल्या उन्हात लवकर सुकतं, दोन-तीन महिन्यांनी परत घालायला लागतं, थंड देशातलं वेळापत्रक बाटलीवर छापलेलं असतं त्यावर जाऊ नका.

आता पैशाचं बोलते कारण लेखाचं शीर्षकच त्यावर होतं. फ्रेम, फोर्क, सीटपोस्ट मिळून पन्नास हजारांच्या आसपास. भाडं, ड्युटी, टॅक्स धरून तेच पाऊण लाखाच्या पुढे. ग्रुपसेट (गिअर-ब्रेकचा संच), चाकं, टायर, हँडल, सीट, बारीकसारीक, पाना, पेस्ट, प्लग, केबल, सगळं मिळून पावणेदोन-दोन लाखाच्या मध्ये कुठेतरी. तोच ग्रुपसेट असलेली ॲल्युमिनियमची ग्रॅव्हल दुकानात याहून बरीच कमी पैशात मिळते, तयार, गॅरंटीसकट. याचं कारण साधं आहे, कंपनी शिमानोकडून हजारोंनी ग्रुपसेट घेते, तिला तो ज्या भावात पडतो त्या भावात मला एक नग कोण देणार? लेखात फक्त फ्रेमची किंमत फ्रेमच्या किमतीशी लावलीय, आणि ती पण ड्युटी न धरता. त्यात सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि पार्ट्सवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय, म्हणजे दुकानातली सायकल अजून स्वस्त झाली, ते पण हिशोबात नाही. माझी सायकल सव्वानऊ किलोच्या आसपास भरते, छान आहे, पण वजन कमी करायला म्हणून मी हे केलंच नव्हतं, पोटावरचे दोन किलो कमी केले असते तर फुकटात झालं असतं.

आणि गॅरंटी. फॅक्टरी म्हणते दोन वर्षं. पण क्लेम करायचा म्हणजे फ्रेम स्वतःच्या खर्चाने चीनला पाठवायची, पटलं तर ते नवीन देणार, आणि ती येताना परत भाडं, परत ड्युटीची भानगड. म्हणजे कागदावर गॅरंटी आहे, हातात काही नाही असं धरूनच चला. मी दर महिन्याला धुताना हाताने सगळ्या जोडांवरून बोट फिरवते, पडले की परत नाणं वाजवते. कार्बन रिपेअर करणारे आपल्याकडे मोजकेच आहेत. ज्याला हे जमणार नाही, ज्याला सायकल धुवायचाच कंटाळा आहे, त्याने दुकानातली घ्यावी, त्यात कमीपणा काही नाही.

माझी विनंती दोनच. एक, त्या लेखातला किमतीचा चौकोन ड्युटी, भाडं आणि बाकीचे पार्ट धरून परत छापा, कारण आमच्या ग्रुपमधल्या दोन कॉलेजच्या पोरांनी तो कापून ठेवलाय आणि घरी बापाला दाखवतायत. दोन, सायकल कंपन्यांच्या इथल्या लोकांना तुमच्या पेपरातून विचारा की कॅटलॉगमधली एक्सएस साइज महाराष्ट्रातल्या डीलरकडे का मिळत नाही. पाच फुटाच्या आसपासच्या बायका सायकल चालवतात, रंकाळ्यावर सकाळी येऊन मोजा. दुकानात माझ्या मापाची मिळाली असती तर मी शियामेनच्या त्या सेल्सवालीशी रात्री अकराला चॅट करत बसले नसते.

आपली,
एक सायकलवाली वाचक, कोल्हापूर

ता.क. एवढं वाचून सुद्धा कुणी मागवणारच असेल तर मागच्या गिअरचा हँगर यूडीएच पद्धतीचाच आहे ना ते ऑर्डरच्या आधी विचारा. २०१९ मध्ये स्रॅम कंपनीने काढलेला हा हँगर बऱ्याच कंपन्यांच्या सायकलींना एकच बसतो, त्यामुळे तो आपल्याकडे मिळतो. फॅक्टरीचा स्वतःचा वेगळा असेल तर फ्रेमबरोबरच दोन जास्तीचे मागवा, शंभर ग्रॅमचा पण माल नाही तो, पण सायकल उजव्या अंगावर पडली की सगळ्यात आधी तोच वाकतो आणि मग एका हँगरसाठी परत कुरियर, परत केवायसी, परत ड्युटी.